पूल लागला

आमच्या वॉरिंग्टनमध्ये उशिराचं एकच कारण चालायचं: पूल लागला. जहाज आलं की कालव्यावरचा फिरता पूल रस्त्यासकट बाजूला वळायचा आणि अर्धं गाव अलीकडे, अर्धं पलीकडे अडकायचं. साबणाच्या कारखान्यातला मुकादमसुद्धा त्यावर अवाक्षर काढायचा नाही. बाबा त्याच कारखान्यात होते. आईची नि त्यांची ओळखही पुलाच्या फाटकाशीच, सायकली धरून उभं असताना झालेली. पुढे बाबा पबमधून उशिरा आले की दारातूनच ओरडत, "पूल लागला!" आई जवळ जाऊन हुंगायची. "जहाजात बिअर होती वाटतं?"

आता कारखाना बंद आहे. धुराडं तेवढं ठेवलंय, आणि मोठी जहाजं कालव्यात क्वचितच दिसतात. म्हणूनच त्या शुक्रवारी दुपारचे बारा वाजून गेले तरी बाबा माझ्या लेकीला, मेबलला, फिरवून परतले नाहीत, तेव्हा पूल माझ्या मनातही आला नाही. भलतंसलतंच आलं. आई गेल्यापासून बाबा दोनदा गॅसवर पातेलं ठेवून झोपले होते. सोमवारपासून मला कामावर जायचं होतं. मेबलला बाबांकडे ठेवायचं की पाळणाघरात, ते आजच्यावर ठरणार होतं. गॅरेथ, माझा नवरा, पाळणाघर म्हणत होता. बाबांना आम्ही काही बोललो नव्हतो, पण सकाळी ते दाढी करून, टाय लावून आले होते.

फोन केला तर त्यांचा फोन आमच्याच टेबलावर वाजला. मी घरातल्या चपलांवरच धावत सुटले.

फाटक बंद होतं. पूल वळून काठाला समांतर झालेला. आईची मैत्रीण डॉट मावशी पिशव्या घेऊन उभी होती.

"पलीकडे तुझा बापच ना गं? टाय लावून? कुणाला मागणी घालायला निघालाय?"

पाण्यापलीकडे बाबा, आणि बाबागाडीत मेबल. मी हाक मारली, पोचली नाही.

"मावशी, ते मध्येच चालायला लागले तर?"

"कोण, वॉल्टर? जन्मभर ह्या फाटकाशी उभा राहिलाय तो. तेवढंच एक त्याला नीट येतं."

मी बघत राहिले. त्यांनी गाडी पांढऱ्या रेघेच्या कितीतरी मागे घेतली होती, चाकं पाण्याच्या दिशेने न ठेवता आडवी. गाडीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. गाळ काढायची एक बोट धापा टाकत वळणावर आली. भोंगा अजून वाजायचा होता, तोच बाबा वाकले आणि त्यांनी मेबलचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले. मग भोंगा वाजला.

माझे कान असेच झाकायचे ते. सगळं जग दूर जायचं, फक्त पायाखालची जमीन थरथरायची, आणि त्या तळव्यांना साबणाचा वास यायचा, कितीही धुतले तरी. त्या वासात मला कधी कसली भीती वाटल्याचं आठवत नाही.

पूल सावकाश जागेवर आला. फाटक उघडताच मी पलीकडे गेले. मला बघून बाबांचा चेहरा उतरला.

"मी उशीर नाही केला गं. पूल..."

"पाहिलं मी."

"खरंच लागला होता. डॉटला विचार हवं तर."

"बाबा, पाहिलं म्हटलं ना."

मी मेबलला उचलून घेतलं. कानांपाशी टोपी जराशी ओलसर होती, त्यांच्या घामाने. एवढ्यात गॅरेथचा फोन.

"आले का दोघं?"

"आले. सोमवारी मेबल बाबांकडेच राहील."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी टायची गाठ सैल केली आणि उगीचच बाबागाडीचं चाक तपासायला खाली बसले.

"मग तू घरी कधी येतेस?" गॅरेथने फोनवर विचारलं. "मी जेवायला थांबलोय."

मेबल लांब जाणाऱ्या बोटीकडे हात करून आणखी, आणखी म्हणत होती. आमच्या मागून पुलावरून गाड्या धडधडत चालल्या होत्या.

"वेळ लागेल जरा," मी म्हटलं. "पूल लागलाय."

बाबांनी खालूनच वर पाहिलं.

"तुझी आई असती," ते म्हणाले, "तर जवळ येऊन हुंगलं असतं तुला."