एकाच फोनची वाट

छावणी बाजारात कडूबाई मेथी निवडून घेत होती, तेवढ्यात शेजारची आशाबाई अनवाणी पळत आली.

"कडूबाई, टीव्हीवर दाखवायलेत... पोरांच्या डेपोत स्फोट झालाय!"

पोरं म्हणजे कडूबाईची रूपा आणि आशाबाईचा इंद्रजीत. एकाच गल्लीत वाढलेले, एकाच भरतीत लागलेले. दोघंही दूर समुद्राकाठी, नौदलाच्या दारूगोळा डेपोत आगीच्या बंबावर कामाला होते.

मेथी तिथंच टाकून कडूबाई आशाबाईच्या घरी धावली. टीव्हीवर नुसता काळा धूर. मेलेल्यांचा आकडा वाढत चालला होता, नावं मात्र कुणी सांगत नव्हतं.

रूपाचा फोन बंद होता. इंद्रजीतचा वाजत होता, पण उचलत कुणी नव्हतं.

"वाजतोय म्हणजे तुझं पोरगं बरं हाय," कडूबाई म्हणाली. त्या वाजण्याचाही तिला हेवा वाटला.

"मग उचलंना का?" आशाबाई पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिली.

इतक्यात कडूबाईचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिला तो उचलायचा धीर होईना, शेवटी आशाबाईनंच बटण दाबून फोन तिच्या कानाला लावला.

"आई, मी रूपा. मला काई झालं नाय."

कडूबाईनं लगेच विचारलं, "आन् इंद्रजीत?"

पलीकडून आधी नुसतं रडणं ऐकू आलं. "त्याचा बंब पुढं होता गं. आमची गाडी पोचायच्या आत दुसरा स्फोट झाला... मीच ओळखलं त्याला. काकूंना आत्ता नको सांगू. साहेब फोन करणारेत."

"काय म्हणायली? माझा हाय ना?" आशाबाई तिचा दंड हलवत होती.

'आवाज तुटला' म्हणावं, असं कडूबाईच्या अगदी ओठावर आलं. स्फोटाची बातमी ऐकतानाही ती इतकी भ्याली नव्हती. तिनं फोन खाली ठेवला, टीव्ही बंद केला आणि आशाबाईचे दोन्ही हात धरले.

आशाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात सोडवायला लागली. "नाय. तू बोलू नको. काईच बोलू नको."

कडूबाईनं हात सोडले नाहीत. तिनं सांगितलं.

इंद्रजीतला घेऊन गाडी गल्लीत आली, तेव्हा सोबत रूपाही होती. आशाबाईच्या उंबऱ्यापाशी तिचे पाय अडले. जिवंत तोंड घेऊन आत कसं जावं, तिला कळेना. आशाबाईच उठून आली.

"भ्याला होता का गं तो?"

"व्हय काकू. आम्ही समदेच लई भ्यालो होतो."

आशाबाईनं तिला जवळ ओढलं आणि आत नेलं.