कुरुदची नापास पट्टी

अहो, फाइल झटकताय ती जरा हळू. आत मी आहे. सातव्या पानावर, पारदर्शक चिकटपट्टीखाली. बोटाएवढं पांढरं प्लास्टिक, मधे इवलीशी खिडकी आणि खिडकीत एकच लाल रेघ. ती मी. गाईम्हशींचा गाभ पाडणारा संसर्गाचा रोग रक्ताच्या एका थेंबावरून ओळखणारी तपासणीपट्टी. म्हणजे ओळखायला हवा होता, असं म्हणा.

माझा जन्म फार थाटाचा. दक्षिणेकडच्या एका कारखान्यात, गारेगार खोलीत, डोक्याला टोप्या घातलेल्या पोरींच्या हातून. आम्ही पंचवीस बहिणी एका खोक्यात. प्रत्येकीच्या पोटात दोन रेघा दडवलेल्या. पहिली सांगणार, ‘पट्टी ठीक चालते आहे.’ दुसरी उमटली तर समजायचं, जनावराला रोग आहे. दहा मिनिटांत निकाल! आपल्यासारखं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं. खोटं कशाला सांगू?

अडलं होतं फक्त सरकारी मंजुरीपाशी. ती मिळाल्याशिवाय आम्हाला विकायला परवानगी नव्हती. आणि मंजुरी काही सुबक दिसण्यावर मिळत नाही. खऱ्या गोठ्यात, खऱ्या गाईंवर आम्हाला वापरून बघायचं. त्याच गाईंचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून जुन्या, खात्रीच्या पद्धतीनेही तपासायचं. मग दोन्ही निकाल शेजारी मांडायचे. जुन्या तपासणीला आठ दिवस लागायचे. ती म्हातारी माझी परीक्षा घेणार, याचंच मला हसू यायचं.

अशी मी भिलाईला आले, नीतूच्या हाती. नीतू लॅब टेक्निशियन, नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांच्या घरातली. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्याने सही व्हायची. बाई मोठी खवट. पट्टीवर थेंब टाकला की घड्याळ बघून शाईने वेळ लिहायची, आणि नऊ मिनिटं झालेली असताना दहा कधी लिहायची नाही. कंपनीचा माणूस अभिनव तिला म्हणायचा, मॅडम, एका मिनिटाने काय बिघडतं? ती घड्याळावरची नजर काढायची नाही.

एप्रिलमध्ये आमची पाळी आली भिलाईलगतच्या कुरुद गावाला. तिथे सिंधुताई राहायच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, नवरा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेला, मुलगा भूपेंद्र जामुलच्या सिमेंट कारखान्यात. दारात गौरा नावाची गाय. तीन आठवड्यांपूर्वी ती आठव्या महिन्यात गाभडली होती, तरी थोडं दूध देत होती. आणि घरात सून नलू, सहा महिन्यांची गरोदर. सिंधुताईंचा नेम असा, की गरोदर बाईने सकाळी धारोष्ण दूध प्यायचं, उकळलेल्यात काही सत्त्व उरत नाही. गाभडलेल्या गाईचं दूध म्हणून अजून थांबल्या होत्या, एवढंच. आता गौराला हाच रोग असेल, तर कच्च्या दुधातून तो नलूला होणार आणि पोटातल्या बाळाचंही काही खरं नाही. नीतूच्या हे ध्यानात आलं आणि तिने गौराचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं.

पण गौरा भूपेंद्रशिवाय कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही, आणि त्या दिवशी त्याची ड्यूटी होती. उद्या सकाळी करू, असं ठरलं. नीतूच्या बर्फपेटीत रक्ताच्या नळ्या गच्च भरल्या होत्या, आमचं खोकं मावेना. उद्या इथेच यायचंय म्हणून ती खोकं सिंधुताईंच्या हातात देऊन गेली. थंड जागी ठेवा, एवढं मात्र बजावलं.

चैत्रातलं नवरात्र चालू होतं. इकडच्या शेजाऱ्यांचं पाहून सिंधुताईही नऊ दिवस अखंड जोत लावायच्या. सरकारी वस्तू, त्यातून गौराचा न्याय करणारी! ती कुठे जमिनीवर ठेवायची? त्यांनी खोकं देवघरात नेलं, हळदीकुंकू वाहिलं आणि जोतीच्या अगदी वरच्या फळीवर ठेवलं. माऊलीच्या मनात नुसती भक्ती हो. पण खालून ती धग अशी लागत होती, की माझ्या पोटातली दुसरी रेघ करपून गेली. पहिलीला काहीही झालं नाही.

सकाळी भूपेंद्रने गौराला धरलं. नीतूने रक्त काढलं, अर्धं नळीत भरलं आणि एक थेंब माझ्यावर टाकला. मी जीव एकवटला. रक्तात रोग होता, मला तो जाणवत होता, पण दाखवायचा कशाने? दहा मिनिटांनी खिडकीत एकच रेघ उभी राहिली, लालचुटुक. मी ठीक आहे, गाय ठीक आहे. हे खोटं आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं, पण आम्हाला तोंड कुठे असतं?

नीतू म्हणाली, “मावशी, ही पट्टी सरकारनं अजून पास केली नाई. हिचं आयकू नका. मोठ्या लॅबचा कागद येईस्तोवर नलूले दूध उकळूनच द्या.”

“कावून वो? एकच रेघ आली नं,” सिंधुताई म्हणाल्या. “मंग गाय चोखी हाये माही.”

त्यांना एका रेघेचा अर्थ कसा कळला? अहो, आदल्या दिवशी शेजारच्या गोठ्यात त्या सगळं बघत उभ्या होत्या. नीतूने पुन्हा पुन्हा बजावलं, भूपेंद्रलाही बाजूला घेऊन हिंदीत समजावलं. चूक माझी हे ठाऊक असूनही मला तर तिचा रागच आला होता. माझ्या तोंडावर माझी बेअब्रू! पण ती स्कूटरवर बसून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सिंधुताईंनी नलूच्या हातात धारोष्ण दुधाचा पेला दिला. माझ्या भरवशावर.

आठव्या दिवशी कागद आला. गौराला रोग होता.

नीतूने कागद वाचला, मला ट्रेमधून उचललं, उजेडात धरलं. मग स्कूटर काढून भर दुपारी, त्या उन्हात, तडक कुरुदला गेली. नलूने सात दिवस ते दूध प्यायलं होतं. नीतूने स्वतः तिला दवाखान्यात नेलं आणि रक्त द्यायला लावलं. सिंधुताई मागच्या बाकावर बसून रडत होत्या. माझ्याच हातानं पाजलं, माझ्याच हातानं, एवढंच त्यांच्या तोंडी. देवघरातल्या फळीची गोष्टही त्यांनी तिथेच सांगितली.

परतल्यावर नीतूने खोक्यातल्या उरलेल्या पट्ट्या काढल्या आणि रोग नक्की असलेलं रक्त त्यांच्यावर टाकलं. एकेक करून सगळ्या तपासल्या. प्रत्येकीत एकच रेघ. माझ्या सगळ्या बहिणी करपल्या होत्या, आणि सगळ्या ठामपणे सांगत होत्या, आम्ही ठणठणीत आहोत.

अभिनव धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण चार वर्षांची मेहनत पणाला लागली होती त्याची. त्याचं म्हणणं सरळ होतं. पट्ट्या चुकीच्या जागी ठेवल्या, तेव्हा ते खोकं हिशेबात धरूच नका. बाकी कुरुदचे सगळे निकाल बरोबर आहेत, मंजुरी मिळून जाईल. आणि खोकं गोठ्यावर सोडून आल्याबद्दल तुम्हालाही कुणी विचारणार नाही, मॅडम. नोकरी सांभाळा.

मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मला तर वाटलं, संपलं. एवढं सोयीचं कोण सोडतं? पण नीतूने अहवालात पहिलं वाक्य लिहिलं ते स्वतःच्या चुकीचं. खोकं मी ठेवून आले, नियमाविरुद्ध. त्याखाली देवघर, त्याखाली मी. मग मला चिकटपट्टीने पानावर लावलं.

रायपूरला समितीपुढे अभिनवने आपली बाजू मांडली. एका साहेबाने नीतूला विचारलं, चूक तुमची आहे, मग पट्टीला दोष का? मी फाइलमधून ऐकत होते. ती हिंदीतच बोलली, पण शब्द मला पाठ आहेत.

“सर, पट्टी खराब झाली, त्याची मला तक्रार नाही. इथल्या उन्हात ती कुठेही होईल. खराब झाल्यावरही ती ‘मी ठीक आहे’ म्हणते, हे चालणार नाही. गोठ्यातल्या बाईने विश्वास कुणावर ठेवायचा?”

मग साहेबांनी अभिनवकडे पाहिलं, आणि त्यानेच मान खाली घातली. आम्ही नापास झालो. नीतूला ताकीद मिळाली. तो कागद तिने याच फाइलमध्ये माझ्यामागे लावलाय, बघा. पुढच्या वर्षी सही होईल की नाही, याची तिला कित्येक महिने धास्ती होती. झाली एकदाची.

नलूचं रक्त शुद्ध निघालं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही शुद्ध. मुलगी झाली, वजन तीन किलो. गौराला वेगळं बांधलं. गिऱ्हाईक आलं होतं, पण भूपेंद्रने विकली नाही. हे दुखणं दुसऱ्याच्या दारात कशाला, म्हणाला.

आणि अभिनवचं म्हणाल, तर तो दीड वर्ष खपला. आता त्याच्या पट्टीवर एक ठिपका असतो. धग लागली की काळा पडतो, मग ती पट्टी कुणी वापरत नाही. तिला मंजुरी मिळाली. पहिलं खोकं तो स्वतः घेऊन आला आणि नीतूच्या टेबलावर ठेवून नुसता उभा राहिला. तिने चष्मा लावला, ठिपका बघितला, घड्याळ बघितलं आणि लगेच कामाला लागली.

बाबांनो, माझी एकच विनंती आहे. जुनी कागदपत्रं काढून टाकायचा हुकूम झालाय म्हणे; ही फाइल टाकाल तर टाका, माझं आयुष्य तसंही दहा मिनिटांचंच होतं. पण नव्या पट्टीच्या पाकिटावर ‘मंजूर’ हा शब्द दिसला की तो नुसता शिक्का समजू नका. मी पास झाले असते, तर आज गावोगावच्या गोठ्यांत करपलेल्या पोटाने उभी राहून किती पोटुशा बायकांना ‘पी बिनधास्त’ म्हणत राहिले असते! एका बाईने नोकरी पणाला लावून माझं तोंड बंद केलं. तिचे फार उपकार आहेत माझ्यावर.