उठवायला कोणी नाही

घरात त्याला बाळ म्हणत, आणि वसतिगृहात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथेही तेच नाव पडलं. सकाळी आईचा फोन आला तेव्हा चुकून स्पीकर चालू राहिला आणि ‘बाळा, उठलास का? दात घासलेस का?’ हे साऱ्या मजल्यानं ऐकलं. मग काय, जिन्यात, नळापाशी, वर्गात, जो तो त्याला दातांबद्दल विचारायला लागला.

त्याला राग यायचा, पण रागवायला तोंड कुठे होतं? आजवर तो आपला आपण कधी उठलाच नव्हता. आई पूर्वी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचा हात इतका हलका, की लोक ‘बाई आहेत ना आज?’ असं विचारून आत यायचे. बाळच्या शाळेची शेवटची वर्षं आली तशी तिनं नोकरी सोडली आणि त्याच्या अभ्यासासाठी कंबर कसली. त्याला उठवायची, दुधाचा पेला हातात द्यायची, आज काय वाचायचं ते पुस्तक उघडून टेबलावर ठेवायची. तो वाचत असला की शेजारी खुर्ची टाकून बसायची, आणि त्याचा मोबाइल तिच्या मांडीवर. वडील कारखान्यात पाळ्या करायचे. या दोघांच्या मधे ते पडत नसत. बाळला उत्तम मार्क मिळाले, दूरच्या शहरात औषधशास्त्राला प्रवेश मिळाला, आणि आईला आपल्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

तिथे पोचल्यावर मात्र बाळचं गाडं रुळावरून घसरलं. आईच्या फोनवर ‘उठलो’ म्हणायचा आणि कूस बदलायचा. पहिलं लेक्चर बुडायचं, मग आता कसं जायचं म्हणून दुसरं. मेसची वेळ टळून जायची, मग पलंगावर बसून बिस्किटं. कपड्यांचा ढीग खुर्चीवर वाढत गेला. पुस्तक उघडलं की दोन ओळी वाचून तो दाराकडे बघायचा, कोणीतरी येऊन पुढचं पान सांगेल अशा आशेनं. शेवटी एका प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि काचेच्या नळ्यांचा अख्खा स्टँड घेऊन तो खाली आला. निकालही तसाच लागला. अर्ध्याअधिक विषयांत नापास.

खोलीतला जोडीदार वयानं थोडा मोठा होता आणि दिवे मालवून लवकर झोपायचा म्हणून त्याला सगळे आजोबा म्हणायचे. प्रॅक्टिकलला पडल्यावर त्यानंच बाळला दवाखान्यात नेलं आणि परत आणलं. वाटेत तो म्हणाला, “तुला काही आजार नाहीये. तुला ताट वाढणारं कोणी नाही, एवढंच.”

निकाल कळल्यावर आई फोनवर रडली नाही. ती शांतपणे म्हणाली, की मी तिकडे येते, कॉलेजजवळ खोली घेऊ, तुझे बाबा राहतील इकडे. बाळच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ते उघडलेलं पुस्तक, आणि आता साऱ्या कॉलेजसमोर. त्यानं हातापाया पडून एक सत्र मागून घेतलं. वर धीर करून हेही सांगितलं, की सकाळचे फोन करू नकोस.  पलीकडून नुसतं ‘बरं’ आलं.

ते सत्र त्याला जड गेलं. गजराचं घड्याळ त्यानं खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आजोबाच्या कपाटावर ठेवलं. ते बंद करायला उठावंच लागायचं, नाहीतर आजोबाच्या शिव्या खाव्या लागायच्या. काही दिवस शिव्याच खाल्ल्या. मग अंघोळ करून थेट मेसमध्ये जाऊन बसायची सवय लागली. भूक नसली तरी ताट घ्यायचं, असा आजोबाचा हुकूम होता. अभ्यासाला लायब्ररीत खांबाआडची जागा धरली. आधी तिथे अर्धा तासही ढुंगण टिकेना. मनात आईचा आवाज यायचा, ‘हे झालं का? आता ते काढ.’ त्या आवाजाशिवाय पान उलटायला शिकणं हेच खरं काम होतं. ते जमलं त्या संध्याकाळी त्याला इतकं मोकळं वाटलं, की तो उगाचच सगळे कपडे धुऊन, वाळत घालून आला.

परीक्षा दिली आणि राहिलेल्या विषयांसकट सगळ्यांत पास झाला. मार्क डोळे दिपावेत असे नव्हते, पण त्यातला एकेक त्याचा स्वतःचा होता.

सुट्टीला घरी गेला तेव्हा आपलं कौतुक होणार असं तो धरूनच चालला होता. टेबल पुसून ठेवलेलं होतं आणि शेजारी खुर्चीही. सकाळी तो आईच्या आधी उठला, पांघरुणाची घडी केली, चहा करून प्यायला, कप विसळून ठेवला. मागे वळला तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं तो विसळलेला कप उचलला आणि पुन्हा घासला.

तिची तब्येत उतरली होती. ताट न घेता ओट्यापाशी उभी राहून काहीबाही तोंडात टाकायची, आणि भर दुपारी अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. बाळला आपली नवी विद्या आठवली. जेवणाच्या वेळा पाळ, फिरायला जात जा, स्वतःकडे बघ जरा, असं तो तिला समजावायला बसला. आजोबाचीच वाक्यं होती, फक्त शिव्या वगळून. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तुझं तुला एवढं जमत होतं,” ती म्हणाली, “तर मी नोकरी कशाला सोडली?”

 तेव्हा जमत नव्हतं, असं म्हणावं, तर का जमत नव्हतं हे त्या घरात सांगायची सोय नव्हती.

वडिलांनी संध्याकाळी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, की आई मध्यंतरी काम मागायला लॅबमध्ये जाऊन आली. आता तिथे नवी यंत्रं आहेत. तिनंच हाताला धरून शिकवलेली मुलगी तिथली मुख्य झालीय. तिनं हिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि जागा निघाली तर कळवते म्हणाली.

“तुला बोलली नाही ना? मलाही नाही बोलली. त्या मुलीनं सांगितलं.” मग वडील म्हणाले, “चहा तरी तिला करू द्यायचा होतास.”

दुसऱ्या दिवशी बाळ जाग येऊनही पडून राहिला. उन्हं खिडकीतून पार भिंतीवर चढली. आई दोनदा दारावरून गेली, पण त्याला हाक मारली नाही. अभ्यास आहे असं सांगून सुट्टी संपायच्या आधीच तो निघाला. तिनं थांब म्हटलं नाही.

सवयी टिकल्या. मार्क वाढले, अंगावर मांस आलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना गजर लांब ठेवा म्हणून तो सांगायलाही लागला, आणि सांगताना आईचा विषय शिताफीनं टाळायचा. लॅबनं तिला अर्ध्या दिवसासाठी घेतलं होतं. सुई नाही, नुसतं दाराशी बसून लोकांना आत सोडायचं. हेही त्याला वडिलांकडूनच कळलं. त्यानं फोन केला, तर मागे गलबला ऐकू येत होता. आई म्हणाली, “कामात आहे, नंतर बोलू.”

फोन बंद झाला. त्याला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी शिसारी आली, की समोरचं पुस्तक त्या दिवशी पुढे सरकलं नाही.