तीन मिनिटांचा निरोप

देवरामने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. आत बोलणारी बाई त्याची हर्षाली नव्हती, एवढंच त्याला कळलं होतं.

मुलीचा मोबाइल बंद होता आणि कंपनीची बाई निरोप ठेवायला सांगत होती. दोन हजार तीन साल होतं. फुलबाजारातल्या माझ्या एसटीडी बूथवर व्हॉइसमेल हा प्रकार मलाच जेमतेम ठाऊक होता, तरी मी जन्मापासून माहीत असल्यासारखा समजावला. आवाज झाला की बोलायचं, मशीन ते साठवतं, पोरगी सवडीने ऐकते.

"मध्ये क... क..."

"कोणी बोलणार का?" मी वाक्य पुरं करून टाकलं.

सवयच होती मला. देवराम मखमलाबादहून झेंडू घेऊन यायचा आणि बारा वर्षं माझ्याकडून फोन करायचा. या बारा वर्षांत त्याचं एकही वाक्य मी त्याला संपवू दिलं नव्हतं. तो अडखळायचा, मागे रांग असायची, मीटर पळायचं; मला वाटायचं, आपण उपकारच करतोय. घरी हेच काम त्याचा थोरला भाऊ मल्हारी करायचा. मी नुसते शब्द पुरवायचे, मल्हारी निर्णयही पुरवायचा.

"नाही हो देवरामभाऊ," मी म्हणाले. "मशीन कशाला मध्ये बोलेल?"

तो त्या रिसीव्हरकडे बघतच राहिला. पन्नाशीच्या माणसाला, आपलं बोलून होईपर्यंत थांबणारं कोणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं.

काय बोलायचं होतं तेही मला माहीत होतं. तीनच दिवसांपूर्वी मल्हारीने इथूनच पुण्याला हर्षालीला फोन लावला होता. पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांचं स्थळ आलंय, रविवारी सुपारी फोडायची, नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं तर राहू दे, असं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. "तुझ्या आबाचंबी हेच म्हणणं हाय," असंही वर म्हणाला. देवराम शेजारीच उभा होता. त्याचं तोंड उघडलं, जबडा थरथरला, तोवर मल्हारीने फोन ठेवलासुद्धा. आणि आज शुक्रवार उजाडला होता.

देवरामला आणखी एक गोष्ट विचारायची होती. निरोप ऐकायला हर्षालीच्या कार्डातली मिनिटं जातात का? खरं सांगते, ते मला माहीत नव्हतं. मी कंपनीच्या ऑफिसला फोन लावून विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, जातात, निरोप ऐकणं हाही एक फोनच धरतात.

त्याचा चेहरा पडला. हर्षाली मेसच्या पैशांतून वाचवून कार्ड भरायची, हे तोच कधीतरी सांगून गेला होता. दुसऱ्याला जे बोलायला अर्धं मिनिट लागतं, तेच बोलायला देवरामला तीन लागायची.

"माझं बोलणं... तिला म्हाग पडंल," असं म्हणून तो बाहेर बाकावर जाऊन बसला. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते. निरोप छोटा करत होता बिचारा. मग उठला, आत गेला, दार लावून घेतलं आणि नंबर पुन्हा लावला.

माझ्या बूथचं दार नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "हर्षे, मी हो म्हणलो नव्हतो. मला कोणी इचारलंच नाय. तुझं शिक्षण पुरं कर. रविवारी येऊ नको." मी इथे सलग लिहिलं, पण ते तसं आलं नाही. "शिक्षण" या शब्दाशी तो इतका अडला की मानेच्या शिरा ताठ झाल्या. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी ओठ दाबून धरले. रांगेतल्या एकाने काचेवर टकटक केली, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. घाम पुसत, पुन्हा पुन्हा मागे जाऊन, देवरामने तो शब्द बाहेर काढलाच. बारा वर्षं मी ज्याला अर्धवट माणूस समजत होते, तो माझ्यासमोर पूर्ण बोलत होता.

तीन मिनिटं लागली.

दुपारी हर्षालीचा फोन आला तेव्हा देवराम तिथेच बसून होता.

"लताकाकू, आबांचा निरोप तीनदा ऐकला," ती म्हणाली. "कार्ड संपलं, म्हणून होस्टेलखालच्या बूथवरून बोलतेय. मी रविवारी येत नाही. मल्हारीकाकांना मी स्वतः सांगणार आहे. आबा आहेत का?"

मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. ती येत नसल्याचं त्याने ऐकलं, डोळे मिटून घेतले आणि मग विचारू लागला, "मि... मि..."

त्याला मिनिटांचं विचारायचं होतं, हे मला कळलं होतं. हर्षालीलाही कळलं असणार. पण पलीकडून काही आवाज आला नाही. ती थांबली होती. मीही थांबले.

"मिनिटं लय गेली का गं तुझी?" देवरामने विचारलं.

ती काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही. देवरामने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि पुढचं वाक्य सुरू केलं. मी रांगेतल्या माणसांना शेजारच्या बूथवर जायला सांगितलं.