उशाला चपला

परतूरच्या काकासाहेब मास्तरांना वास्तव या गोष्टीचा फार सोस होता. शाळेतून निवृत्त झालेले, हाताशी वेळ भरपूर आणि समोर टीव्ही, मग दुसरं काय होणार? साडेआठची मालिका बघायची, तिच्यातल्या चुका वहीत टिपायच्या आणि औरंगाबादच्या पेपरला पत्र धाडायचं. दोन हजार एकच्या दिवाळीपासून पुढच्या होळीपर्यंत त्यांची अकरा पत्रं छापून आली. ही हकिकत आता ते स्वतःच सांगतात आणि सांगताना कपाळावर हात मारून घेतात. "माझ्याएवढा निरीक्षक मराठवाड्यात झाला न्हाई," म्हणतात आणि हसतात. पण ते हसू काही फार वेळ टिकत नाही.

मालिका होती एका बेघर तरुणाची. बापाने घराबाहेर काढलेला विक्रांत नावाचा देखणा पोरगा शहराच्या रस्त्यांवर दिवस काढतो, अशी कथा. ती बघायला रोज मच्छिंद्र यायचा. काकासाहेबांनी त्याला दहावीला मराठी शिकवलेलं. आता तो विशीत होता, धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून देणार होता आणि मामाकडे राहायचा. निदान सांगायचा तरी तसं. दाढी रोज केलेली, भांग पाडलेला, शर्टाची घडी जागच्या जागी. चपला दारात काढायचा, पण बसायचा अशा बेताने, की त्या नजरेसमोर राहाव्यात. हे मात्र आमच्या निरीक्षकांनी कधी टिपलं नाही.

पहिल्याच आठवड्यात विक्रांत बागेतल्या बाकावर झोपला. बाकाखाली चपला नीट जोडून ठेवलेल्या.

"सर, ह्या चपला सकाळी ऱ्हाणार न्हाईत," मच्छिंद्र कोपऱ्यातून म्हणाला. "घर नसलेला मानूस चपला उशाला घेऊन झोपतो."

काकासाहेब ताडकन उठले. "वा! माझी वही कुठाय?" आठवडाभरात पत्र छापून आलं. विचार मच्छिंद्रचा, नाव काकासाहेबांचं. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. विद्यार्थी शेवटी घडवला कोणी?

पुढे तर पर्वणीच लागली. विक्रांतच्या गालांना काजळी फासलेली दिसली, तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "तोंड मळलं की संपलं, सर. हॉटेलवाला पानी देत न्हाई, पोलीस बसू देत न्हाई. घर नसलेला भांग पाडून फिरतो. कुनाला कळू न्हाई म्हणून."

काकासाहेबांनी समोरच्या भांगाकडे बघत बघत ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

विक्रांत रात्रभर आकाशाकडे बघून रडला, तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "रात्र कशीबी जाती. दिवसभर पोती वाहिली की पडल्याबरोबर डोळा लागतो. रविवारची दुपार जात न्हाई. मोंढा बंद. बसावं कुठं? दुपारची गाडी गेली की स्टेशनावरचा बाक मोकळा होतो, मंग दुसरी गाडी येईस्तोवर कुनी उठवत न्हाई."

"तुला हे सुचतं तरी कसं रे?"

"सुचतं, सर."

आपण शिकवलेल्या निबंधलेखनाचं हे फळ, असं काकासाहेबांनी मनात नोंदवलं आणि त्यांची छाती फुगली.

त्यांच्या बायको गिरिजाबाई रोज दोन भाकरी जास्तीच्या थापायच्या. मच्छिंद्र गेला की एकच टुमणं लावायच्या, "अहो, ती पुढची खोली मोकळी करा की." त्या खोलीत वीस वर्षांचे पेपर गठ्ठे बांधून छताला टेकले होते. काकासाहेब म्हणायचे, "तो संदर्भ हाये. त्याला हात लावायचा न्हाई." बायकोचा डोळा रद्दीच्या पैशावर आहे, अशी त्यांची पक्की समजूत.

माघात मालिकेने कळस केला. एका शेटजीने रस्त्यात गाडी थांबवली आणि ना ओळख ना पाळख, विक्रांतला थेट आपल्या बंगल्यावर राहायला नेलं. काकासाहेबांनी त्याच बैठकीत दहावं पत्र लिहिलं. पेपरवाल्यांनी मथळा दिला, 'असे शेटजी कुठे भेटतात?' पत्रात शेवटी होतं, 'परक्या तरुणाला स्वतःच्या घरात ठेवून घेणारा माणूस वास्तवात नसतो. असल्यास लेखकाने एक तरी दाखवावा.' छापून आलेलं पत्र त्यांनी मच्छिंद्रला खड्या आवाजात वाचून दाखवलं.

"बराबर हाय, सर," मच्छिंद्र म्हणाला. "बिलकुल नसतो."

"मंग तू सांग, असा पोरगा खरा झोपल तरी कुठं?"

मच्छिंद्रने आधी दारातल्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाला, "थंडीत बारदाना बरा. रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर ऊब असती."

"बारदाना कुठला? तपशील दे. तपशिलाशिवाय वास्तव न्हाई."

"असंल एखादं शेड. बसस्टँडच्या अंगाला. मागची फळी निघालेली."

अकरावं पत्र सगळ्यात गाजलं. 'दूर कशाला, आमच्या परतूरच्या मोंढ्यातच पाहा,' असं म्हणून काकासाहेबांनी बसस्टँड, शेड, निघालेली फळी, सगळं बारकाव्यानिशी मांडलं होतं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मच्छिंद्र यायचा बंद झाला. तीन दिवस वही कोरी राहिली. आता पोराला माझी गरज उरली नाही, म्हणून काकासाहेब घरात आदळआपट करत होते.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, मोंढ्यातले आडते आबाराव पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे.

"सर, डोळे उघडले तुमच्या पत्रानं! ते शेड आमचंच. त्याच दिवशी फळी ठोकली, कुलूप घातलं. खरंच कुनीतरी ऱ्हाऊन राह्यलं व्हतं आत. एक पिशवी निघाली, बारावीची पुस्तकं निघाली. दिली भाईर फेकून. अन् गंमत ऐका, त्यात तुमची पत्रं कापून ठिवलेली! समदी, तारखेनं लावून. म्हंजी चोरबी तुमचा वाचक!"

काकासाहेबांनी तोंडाशी नेलेला पेढा पुड्यात परत ठेवला.

आबाराव गेल्यावर ते आत गेले. "अगं, मच्छिंद्र मामाकडं ऱ्हातो ना?"

"कोन मामा?" गिरिजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मामा असता तर पोरानं रोज माज्या हातच्या दोन भाकरी अशा खाल्ल्या असत्या का?"

"तुला ठावं व्हतं? मंग मला सांगितलं का न्हाई?"

"चार महिने झाले, खोली मोकळी करा म्हणून राह्यले की. आनखी कसं सांगावं? पेपरात छापून आनावं का?"

काकासाहेबांनी टोपी घातली आणि ते निघाले. पोरगा कुठे सापडेल, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. सगळं त्यांच्याच वहीत होतं. रविवारची दुपार, गाडी गेल्यानंतरचा बाक. आपण चार महिने एका जित्याजागत्या पोराचा पत्ता अक्षर वळवून लिहून घेत होतो आणि आपल्याला तो वाचता आला नाही, या विचाराने त्यांना भर रस्त्यात स्वतःची शरम वाटली.

मच्छिंद्र त्याच बाकावर होता. भांग पाडलेला. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला.

"घरी चल," काकासाहेब म्हणाले.

"साडेआठला लाइट जायचीय, सर. आज मालिका दिसायची न्हाई."

"मालिका न्हाई रे. ऱ्हायला चल."

मच्छिंद्र रुळांकडे बघत राहिला. रागावलेला दिसत नव्हता, तेच काकासाहेबांना जास्त लागलं. मग तो अगदी सरळपणे, चूक दाखवावी तशा आवाजात म्हणाला, "सर, असं कुनी घेत नसतं. तुमीच लिवलं व्हतं."

काकासाहेब बाकावर त्याच्या शेजारी बसले.

"ते मी माझ्यावरून लिवलं व्हतं," ते शेवटी म्हणाले.

पुढची गाडी आली आणि गेली तरी दोघे बसूनच होते. उन्हं कलल्यावर मच्छिंद्रने मनगटाचा बंद सोडला आणि तो उठला.

त्याच संध्याकाळी वीस वर्षांचा संदर्भ हातगाडीवर घालून रद्दीवाल्याकडे गेला. काकासाहेब प्रत्येक गठ्ठ्याला हळहळत होते. गिरिजाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. खोलीत बाज आली, वाकळ आली, उशी आली.

सकाळी काकासाहेबांनी हळूच डोकावलं. मच्छिंद्र गाढ झोपला होता. उशी भिंतीकडे सरकवलेली आणि डोक्याखाली कागदात गुंडाळलेल्या चपला. ते तसेच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही तेच. चपला जुन्या टायरच्या होत्या, एकीचा अंगठा तारेने शिवलेला. नव्या आणून द्याव्यात, असं त्यांच्या मनात आलं. पण नव्या तर तो आणखीच घट्ट धरून झोपेल, म्हणून गप्प बसले. मालिकेत इकडे विक्रांतचं शेटजींच्या पोरीशी लग्न ठरलं. पेपरवाल्यांचं कार्ड आलं, की बऱ्याच दिवसांत आपले पत्र नाही. काकासाहेबांनी ते कार्ड वहीत घातलं आणि वही माळ्यावर टाकली.

अठराव्या दिवशी पहाटे ते दूध घ्यायला दार उघडून बाहेर आले, तर पायरीवर त्यांच्या वहाणांशेजारी टायरच्या चपला जोडून ठेवलेल्या. तारेने शिवलेला अंगठा भिंतीकडे.

काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात समोरून दोन माणसं रस्त्याने गेली. ह्या चपला इथं राहणार नाहीत, एवढं वास्तव आता त्यांना पाठ होतं. पण उचलून आत ठेवायला त्यांचा हात होईना.

"काय बघून राह्यले?" आतून गिरिजाबाईंनी विचारलं. "दूध आनता ना?"

"तू जा आज," ते म्हणाले आणि उंबऱ्यात बसले. मच्छिंद्र उठेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.