ग-तीनचा डोळा

सातवीच्या वर्गाला मी पहिल्याच तासाला बजावते: फोटोकडे बघू नका, चौकोनाकडे बघा. फोटोवर उभ्या-आडव्या रेघा आखायच्या, मोठ्या कागदावर तेवढेच चौकोन आखायचे आणि एका चौकोनात जे दिसतं तेच दुसऱ्यात उतरवायचं. आपण नाक काढतोय असं मनात आलं, की हात मनातलं नाक काढतो, समोरचं राहून जातं. बावीस वर्षं हेच शिकवतेय आणि बावीस वर्षं पोरं मनातलंच नाक काढतायत.

यंदा संस्थेच्या अध्यक्षांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्यांचा चेहरा अख्ख्या वर्गाने मिळून काढायचा, असं मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं. अठ्ठेचाळीस मुलं, अठ्ठेचाळीस चौकोन, प्रत्येकाला एक जाड कागद. कल्पना त्यांची, निस्तरायची मी. फोटो एका बाजूने घेतलेला, त्यामुळे डोळा एकच, ग-तीन या चौकोनात. बाकी गाल, कोट आणि मागची भिंत.

ग-तीन मी मुंगीला दिला. नाक कागदाला टेकवून इंचाइंचाने पुढे सरकते म्हणून वर्गाने तिला ते नाव ठेवलेलं. तिची आई एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. महिन्याभरापूर्वी ती मला सांगायला आली होती, की मुलीचा शनिवारचा चित्रकलेचा वर्ग आता बंद, त्या वेळात ती घड्या घालायला येईल. मी जवळजवळ हातापाया पडले. अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाला या, पोरीचं काम बघा आणि मग काय ते ठरवा, असं विनवलं.

"बघते," ती म्हणाली. "दिसण्यासारखं काही असलं तर राहू दे वर्ग."

मुंगीने दोन दिवसांत डोळा आणून दिला. खालच्या पापणीची सैल घडी, कोपऱ्यातला ओलावा, बुबुळात खिडकीचा एवढासा पांढरा चौकोन. कागद कपाटात ठेवला तरी मी तो पुन्हा पुन्हा काढून बघत होते. आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. अध्यक्षांची नात याच वर्गात, तिच्या वाट्याला क-एक आला होता, म्हणजे वरच्या कोपऱ्यातली नुसती भिंत. घरी तक्रार गेली होती. आजोबांचा डोळा नातीने काढला तर शोभून दिसेल, असं ते चहा ढवळत म्हणाले. डोळा झालाय, मी म्हटलं. त्यावर त्यांनी सहज आठवण करून दिली, की पुढच्या वर्षी चित्रकलेचे तास ठेवायचे की नाहीत हे अध्यक्षच ठरवणार आहेत. मी मान डोलावली. दुसऱ्यांदा सांगायची वेळसुद्धा मी त्यांच्यावर आणली नाही.

कागद मोजून आणलेले होते. नातीचा अजून कोराच होता, तो डोळ्यासाठी झाला. मुंगीला मी तिचाच कागद परत दिला आणि उलट्या बाजूला भिंत काढायला सांगितली.

"बाई, भिंतीत काय आहे?"

"काही नाही. राखाडी रंग."

तिने तो राखाडी इतका एकसारखा भरला, की पेन्सिलीची एक रेघ दिसेना. फळ्यावर कागद मीच चिकटवले. डिंक डोळ्यावर लावला, माझ्या हाताने.

कार्यक्रमाच्या दिवशी नातीच्या डोळ्याची भुवई शेजारच्या चौकोनातल्या भुवईला कुठेच भेटत नव्हती. मागून कुणीतरी टाचणी टोचावी तसे चित्रातले अध्यक्ष दचकलेले दिसत होते. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. मुंगीची आई कामावरून तशीच आली होती, दुमडलेल्या बाह्या अजून खाली केल्या नव्हत्या. यातलं तुझं कुठलं, असं तिने लेकीला विचारलं.

"डोळा," मुंगी म्हणाली.

आईने फळ्याशेजारची यादी बोट ठेवून वाचली. ग-तीनपुढे दुसऱ्याच मुलीचं नाव होतं.

"माझा मागे आहे," मुंगी म्हणाली. "त्या वरच्या कोपऱ्यातल्या कागदाच्या मागे. बाईंना विचार."

आईने माझ्याकडे बघितलं. दोन पावलांवर मुख्याध्यापक आणि अध्यक्ष हसत उभे होते. एक 'हो' म्हणायचं होतं, बस्स.

"सगळ्यांनीच छान केलंय," मी म्हटलं. "हिची भिंतपण अगदी सफाईदार आहे."

आई त्या राखाडीकडे बघत राहिली. "खोटं कशाला बोललीस गं?" एवढंच तिने लेकीला विचारलं आणि तिचा हात धरला. मुंगी रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी शिकवलं होतं अगदी तसं. बाई म्हणून नाही, समोर जे होतं तेवढंच.

शनिवारी तिची जागा रिकामी होती. मी पाणी आणि पट्टी घेऊन कोपऱ्यातला कागद सोडवायला गेले, लाँड्रीत नेऊन आईला दाखवायचा होता. डिंक पक्का बसला होता. कागद पट्ट्यापट्ट्यांनी निघाला, आणि फळ्यावर पापणीची घडी आणि खिडकीचा तो चौकोन तेवढा चिकटून राहिला.

मुख्याध्यापक रागावले. सोमवारच्या आत कोपरा भरून हवा म्हणाले. मी दुसरा कागद विकत आणला, राखाडी रंग भरला आणि त्यावरून चिकटवून टाकला. भिंतच होती, कुणाला काही कळलं नाही.