बापूसाहेबांचं नाव घेणारा भोंगा

मी पत्र्याचा भोंगा बोलतोय. जन्मभर दुसऱ्याचं बोललो. आज माझं बोलणार आहे. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही.

मुरबाडात डबे-चाळण्या करणाऱ्या एका कारागिराने घासलेटचा डबा कापून मला वळवलं. एका टोकाला माणसाचं तोंड मावेल एवढं भोक, दुसऱ्या टोकाला सुपाएवढा घेर. घासलेटचा वास बरेच दिवस गेला नाही. पण आवाजात मी कोणाला हार गेलो नाही.

मला करवून घेतलं वैशाखरे गावच्या सावळारामने. तो भातशेती करणारा, जिल्हा बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिलेला. त्याला एकच हवं होतं, गावाला दवाखाना. पूर्वी होता. पण बापूसाहेब नावाच्या ठाण्याच्या पुढाऱ्याने तो उचलून शहापूरकडे, शेणव्याला नेला. तेव्हापासून वैशाखऱ्याचा आजारी माणूस झोळीत घालून मुरबाडपर्यंत न्यावा लागे. काही पोचत. काहींना अर्ध्या वाटेवरून परत आणत.

त्यामुळे शेणव्याला बापूसाहेब म्हणजे देव. आणि आमच्याकडे त्यांचं नाव काढलं की बाया चूल फुंकायची थांबवून शिव्या देत.

अडचण अशी, की सावळाराम तरुणपणी बापूसाहेबांचाच माणूस. मामलेदारापुढे मान वर करून बोलायला त्यांनीच त्याला शिकवलं. दवाखान्यावरून दोघांचं बिनसलं. मतं शेणव्याचीही हवी होती, आमच्याकडचीही. आता प्रचारात त्यांचं नाव घ्यावं की गिळावं?

त्याने बायकोला विचारलं. धोंडूबाई तांदूळ पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "घ्या नायतर नका घेऊ. पन काय ते एकच करा."

सावळारामने दोन्ही केलं.

ओरडायला त्याने कोंडूला धरलं. कोंडू म्हसा गावच्या जत्रेत बैलवाल्यांसाठी ओरडायचा. आवाज दणकट, डोकं रिकामं. सावळारामने त्याला समजावलं, "शेनव्याला सांग, हा बापूसाहेबांचा चेला. मुरबाडकडं सांग, हा बापूसाहेबांचा वैरी."

"आन् मधल्या गावांत, दादा?"

"मधल्या गावांत खोकल."

कोंडूने सांगितलं तसं केलं. शेणव्यात आम्हाला गुळाचा चहा मिळाला. मुरबाडकडे एकाने माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. माझं तोंड एक, पण मान दोन्हीकडे मिळाला. उमेदवार खूश होता.

मग पौषात म्हशाची जत्रा भरली. सावळाराम दर दोन-चार वर्षांनी तिथे बैल घ्यायला जाई. शहापूर, मुरबाड, कल्याण, सगळीकडची माणसं तिथे येतात हे त्याला माहीत होतं. बैल घेताना माहीत होतं. मतं मागताना विसरला.

कोंडू बैलगाडीवर चढला, मला तोंडाला लावलं आणि ओरडला, "सावळाराम, बापूसाहेबांचा..."

इथे तो थांबला. डावीकडे शेणव्याचा नवसू बैलाचे दात बघत उभा होता. उजवीकडे मुरबाडकडच्या एका गावची सकुबाई. कोंडू खोकला.

"पुढं बोल की रे," नवसू म्हणाला. "चेला ना? आमच्याकडं तसाच बोललास."

"चेला?" सकुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आमच्या दारात वैरी व्हता. माझा जावई पन येवढ्या लवकर फिरत नाय."

माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "नवसू, बैलाचे झाले की सावळारामचे पन दात बघ."

त्या काळी सकुबाईसारखीला मत नव्हतं, पण तोंड होतं. ती गाडीपाशी आली. "ऐक रे सावळाराम. ह्या जत्रेत बैल मारका असला तर विकनारा आधी सांगतो. लपवलं तर बैल परत, आन् पुढच्या साली त्याच्या दावनीला कोन उभा राहात नाय. तुझी खोड काय ती सांग."

सावळारामने मला कोंडूच्या हातातून ओढलं. त्याचा घाम माझ्या कडेला लागला.

"बापूसाहेबांनी मला बोलायला शिकवलं," तो म्हणाला. "बापूसाहेबांनीच आमचा दवाखाना नेला. दोनी खरं. शेनव्याचा दवाखाना मी हलवनार नाय. वैशाखऱ्याला दुसरा मागनार. आन् इतके दिवस गाव बघून बोललो, ती माझी खोड."

नवसू बैलाचं तोंड सोडून म्हणाला, "बैल बरा हाय. उशिरा दावनीला आनला."

सावळाराम पडला. समोरच्या उमेदवाराने गावोगाव बापूसाहेबांना एकाच सुरात शिव्या दिल्या होत्या. तो निवडून आला आणि सगळ्यात आधी ठाण्याला जाऊन बापूसाहेबांना हार घालून आला. हे मी पाहिलेलं नाही, कोंडूने सांगितलं. आणि कोंडू पैसे घेतल्याशिवाय खोटं बोलत नाही.

दवाखाना आला नाही. झोळ्या चालूच राहिल्या. सावळाराम स्वतः झोळीच्या दांड्याला खांदा देऊ लागला, आणि मला नवं काम लागलं. ओढ्याच्या अलीकडून तो माझ्यातून हाक देई, "झोळी आलीय, मानसं द्या." पलीकडच्या पाड्यावरून खांदा बदलायला माणसं धावत येत. त्यांनी कधी विचारलं नाही, कोणाचा माणूस म्हणून.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर पुन्हा निवडणुका आल्या. गावातला कुंडलिक उभा राहिला. भोंगा मागायला सावळारामच्या ओटीवर आला.

"बापूसाहेबांचं नाव घेनार का?" सावळारामने विचारलं.

"गाव बघून ठरवू, काका."

"भोंगा फुटलाय."

मी त्याच्या डोक्यामागेच खुंटीला टांगलेला होतो, चांगला धड. कुंडलिकने माझ्याकडे पाहिलं. सावळारामनेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"फुटलाय," तो पुन्हा म्हणाला.

कुंडलिक गेला. मी धड आहे हे कुठे बोललो नाही, आजच सांगतोय.

आता पत्रा गंजलाय, कड वाकलीय. उमेदवारांनो, नाव कोणाचंही घ्या, नाहीतर नका घेऊ. पण शेणव्याला एक आणि मुरबाडला दुसरं सांगायचं असेल, तर दुसरा डबा कापून घ्या. मी मिळणार नाही. उद्या पाड्यावरची एक आजारी बाळंतीण मुरबाडला न्यायची आहे. ओढ्यावर मला हाक द्यायची आहे.